अंधाराचे वार, दिव्यांचे वार

२ सप्टेंबर, मंगळवार

आकाश जवळजवळ स्वच्छ. आभाळाचे आठ भाग धरले तर पश्चिमेला एक भाग ढग, तोही नावापुरता. वारा नाही.

ही सवय काही जात नाही. चौतीस वर्षं हवामान केंद्रावर निरीक्षक होतो. ठरलेल्या वेळी बाहेर यायचं, आभाळ बघायचं, वहीत लिहायचं. निवृत्त होऊन आज दोन महिने झाले. निरोपाच्या दिवशी ऑफिसनं ही डायरी दिली. इतके दिवस तिच्यात लिहिण्यासारखं काहीतरी घडेल म्हणून थांबलो होतो. काही घडेना. तेव्हा आहे तेच लिहायचं ठरवलं.

आहे ती बाग. घराच्या मागे, तीस फूट लांब आणि बावीस फूट रुंद. स्वयंपाकघराच्या दारातून तीन पायऱ्या उतरलं की फरशीच्या तुकड्यांची पायवाट लागते, ती वळण घेऊन लिंबाखालच्या बाकापाशी थांबते. एका बाजूला गुलबक्षी, दुसऱ्या बाजूला निशिगंध, भिंतीवर जाई.

या बागेत संध्याकाळ कशी घालवायची याची माझी एक रीत आहे. ती वडिलांकडून आली. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी झाडांना झारीनं पाणी घालायचं. पाइपानं नाही, पाइपानं माती उखडते. मग हातपाय धुऊन बाकावर बसायचं. दिवा नाही, रेडिओ नाही, फोन तर नाहीच. बसून अंधार पडताना बघायचा. लोकांना वाटतं अंधार एकदम पडतो. तसं नसतं. आधी लाल फुलं काळी होतात, मग पानांचा हिरवा जातो, पांढरा सगळ्यात शेवटी. निशिगंध दिसेनासा झाला की उठायचं.

नोकरीत पाळ्या असल्यामुळे आठवड्याला जेमतेम दोन संध्याकाळी हाती लागायच्या. त्या दोन्ही संध्याकाळी ही शेजारी बसलेली असायची. आता सातही आपल्या, या एका आशेवर नोकरीचं शेवटचं वर्ष ढकललं.

५ सप्टेंबर, शुक्रवार

ही बाकावर येत नाही. दोन महिन्यांत फार तर चारदा आली असेल, आणि तीही उजेड असतानाच. अंधारू लागलं की हिला नेमकं आतलं काम आठवतं. कधी डबे पुसायचे असतात, कधी कपड्यांच्या घड्या. आज म्हणाली, "तुम्ही बसा हो. काय काय उमललंय ते मला आत येऊन सांगा."

मी आत जाऊन सांगितलं. गुलबक्षी अठ्ठावीस, निशिगंधाच्या तीन काड्या. हिनं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "तुम्ही सांगता तेव्हा समोर दिसतं सगळं." इतक्या वर्षांनी माझ्या निरीक्षणांची कुणीतरी कदर केली. बरं वाटलं. पण शेजारी बसली असती तर जास्त बरं वाटलं असतं.

मला वाटतं, मी दिवसभर घरात असतो त्याचा हिला जाच होतोय. शिवणयंत्रसुद्धा महिनाभर झाकून ठेवलंय. विचारलं तर म्हणते, कंटाळा आला. एवढी वर्षं अख्ख्या गल्लीचे कपडे शिवणाऱ्या बाईला अचानक कंटाळा आला, तो माझ्यामुळेच असणार.

८ सप्टेंबर, सोमवार

चिरंजीव आणि सूनबाई आजपासून वरच्या मजल्यावर राहायला आले. सूनबाईला इथल्या नाट्यगृहात काम मिळालंय. नाटकांची प्रकाशयोजना करते. चिरंजीव पंप दुरुस्त करत गावोगाव हिंडतो, त्याला सगळी गावं सारखीच.

सामानात चार खोकी नुसत्या वायरींची होती. खोकी उतरवताना सूनबाई मधेच थांबली आणि हिच्याकडे बघत राहिली. ही मागच्या पायऱ्या उतरत होती. का बघत होती कोण जाणे. सासूबाईंची साडी आवडली असेल.

१४ सप्टेंबर, रविवार

आज युद्ध झालं.

जेवताना सूनबाई म्हणाली, "बाबा, मागच्या बागेत मी थोडे दिवे लावू का? पायवाटेच्या कडेनं. आणि बाकाशेजारी दोन आरामखुर्च्या, हळू आवाजात काहीतरी वाजवायला एक लहानसा स्पीकर. पाण्याला टायमर लावता येईल, म्हणजे तुमची कंबर वाचेल."

मी शांतपणे म्हणालो, "माझ्या कमरेनं तुझ्याकडे तक्रार केली का?"

चिरंजीव ताटात बघून हसला. मग मी त्यांना समजावलं की संध्याकाळ ही बघायची गोष्ट आहे, सजवायची नाही. दिवा लावला की त्याच्याभोवतीचं तेवढं दिसतं आणि बाकीचं सगळं जातं. शेजारच्या कप्तानांचं उदाहरण दिलं. हे कप्तान म्हणजे निवृत्त बसचालक, पण ऐट जहाजाच्या कप्तानाची, म्हणून सगळे त्यांना तेच म्हणतात. त्यांनी अंगणात प्लॅस्टिकचं गवत अंथरलंय आणि मधोमध रंग बदलणारं कारंजं बसवलंय. संध्याकाळी त्यांचं तोंड एकदा हिरवं दिसतं, एकदा जांभळं.

मला खात्री होती की ही माझ्या बाजूनं बोलेल. ही म्हणाली, "लावू दे की दिवे. मला आवडतील."

तीस वर्षं अंधारात शेजारी बसलेली बाई. मला आवडतील म्हणे.

शेवटी चिरंजीवानं तह घडवून आणला. सोमवार, बुधवार, शुक्रवार माझ्या रीतीनं, म्हणजे अंधाराचे वार. मंगळवार, गुरुवार, शनिवार सूनबाईच्या रीतीनं, म्हणजे दिव्यांचे वार. रविवारी ज्याला जे वाटेल ते. महिनाभर करून बघायचं आणि मग ठरवायचं. मी अट घातली की रोज कोण बाकावर किती मिनिटं बसलं याची नोंद होईल, आणि ती मी ठेवीन. उगाच मतं नकोत, आकडे हवेत.

१६ सप्टेंबर, मंगळवार

दिव्यांचा पहिला वार. सूनबाईनं लिंबाच्या फांदीला एक दणदणीत पांढरा दिवा टांगला. तात्पुरता आहे, म्हणाली. तो लागला आणि बागेचा दवाखाना झाला. एक किडा थेट माझ्या चहात पडला.

ही मोठ्या हौसेनं खाली आली. दिव्याकडे तोंड होताच डोळ्यांवर हात धरला, जागच्या जागी उभी राहिली आणि म्हणाली, "नको गं, सगळं विस्कटतंय." आणि भिंत धरून परत गेली.

नोंद : ही, दोन मिनिटं. मी, पंचेचाळीस मिनिटं, केवळ विजयाचा आनंद घ्यायला.

सूनबाई मात्र हरल्यासारखी दिसली नाही. तिथेच उभी राहून दिव्याकडे आणि दाराकडे आळीपाळीनं बघत होती, शिंपी माप घेतो तशी. मग शिडी लावून तो दिवा तिनं स्वतःच उतरवला.

१७ सप्टेंबर, बुधवार

अंधाराचा वार. उत्तम काळोख पडला. ही शून्य मिनिटं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सूनबाईनं पायवाटेच्या कडेनं घोट्याएवढ्या उंचीवर सहा छोटे दिवे लावले. वरून पत्र्याच्या टोप्या, म्हणजे उजेड फक्त फरशीवर पडतो आणि दिवा डोळ्यांना दिसतच नाही. पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी. मी म्हटलं, "पट्टी कशाला? आम्ही काय या पायऱ्या आज पहिल्यांदा उतरतोय?" म्हणाली, "नाट्यगृहात लावतो आम्ही, बाबा. सवय."

ही खाली आली आणि चाळीस मिनिटं बसली. स्पीकरवर सनई होती, मीच ती बंद करायला लावली. तरीही ही बसली. गप्पा मारल्या. माझ्या मावसभावाच्या लग्नात मांडव कसा पडला होता ते सांगून हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण तो दिव्यांमुळे झाला हे मनात राहिलं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

आकडे पुढीलप्रमाणे. अंधाराचे वार पाच, हिची एकूण हजेरी सहा मिनिटं. दिव्यांचे वार पाच, त्यांतला पहिला फसलेला सोडून हिची सरासरी अडतीस मिनिटं.

निष्कर्ष : हिला नव्या गोष्टींचं आकर्षण आहे. एवढी वर्षं मी जे सुख समजत होतो ते हिच्या दृष्टीनं नुसतं बसणं होतं. माझ्या समाधानासाठी बसत असावी. असं असेल तर तीस वर्षांचं काय करायचं? हा विचार काही छान नाही. आकडे मात्र खोटं बोलत नाहीत.

आज चहा ओतताना हिनं कपाच्या बाहेर बशीत ओतला. लक्ष नसतं हल्ली. नंतर खुंटीवरच्या माझ्या रेनकोटाला "कधी आलास?" असं विचारलं. मी हसलो, तीही हसली. चिरंजीव वाटला, म्हणाली. चिरंजीव त्या वेळी शेजारच्या गावी होता.

२९ सप्टेंबर, सोमवार

कप्तान कुंपणापाशी आले. म्हणाले, "राग मानू नका, पण वहिनींचं काही बिनसलंय का आमच्यावर? परवा संध्याकाळी कोपऱ्यावर समोरासमोर आलो, मी हात केला, पण त्या सरळ निघून गेल्या. आमची मंडळी म्हणते, कारंज्यावरून काहीतरी झालंय."

मी हिला विचारलं. म्हणाली, "मला दिसलेच नाहीत ते." आता कप्तान म्हणजे सहा फूट माणूस, वर लाल टोपी. पण मी विषय वाढवला नाही. उलट थोडं बरंच वाटलं. कारंज्याबद्दल ही मनातून माझ्या बाजूची आहे तर.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आत्ताच दवाखान्यातून आलो.

आज अंधाराचा वार. दुपारी मी हिला जरा लागेल असं बोललो. म्हणालो, "दिव्यांच्या वारी नटून येतेस आणि माझ्या वारी डबे पुसतेस. एवढा कंटाळा आला असेल तर सांगून टाक, मी एकटा बसत जाईन." ही चष्मा पुसत राहिली.

संध्याकाळी मी बाकावर होतो. गुलबक्षीचा रंग गेला होता, पांढरं अजून होतं. दार वाजलं. बघतो तर ही, हातात ट्रे, दोन कप. मला इतका आनंद झाला की मी उठलोसुद्धा नाही, नुसता बघत राहिलो. तीन पायऱ्या व्यवस्थित उतरली. पायवाटेवर आली. वळणावर मी झारी ठेवली होती. रोज ठेवतो, पितळेची चकचकीत झारी, मला बाकावरून स्पष्ट दिसत होती. ही सरळ तिच्यावर चालत गेली.

ट्रे एकीकडे, कप दुसरीकडे आणि ही निशिगंधात. मनगटावर पडली.

मी धावलो आणि तोंडातून पहिलं काय निघावं? "अगं, बघून चालता येत नाही का?"

ही मातीत बसून होती. रडली नाही. माझ्याकडे तोंड करून, पण माझ्या जरा बाजूला बघत म्हणाली, "नाही येत."

सूनबाई धावत आली, तिनं पायवाटेचे दिवे लावले. तेव्हा हिनं माझ्याकडे बघितलं. म्हणजे खरोखर माझ्या डोळ्यांकडे. त्या आधी मी कुठे आहे हे तिला आवाजावरूनच कळत होतं.

मनगट मुरगळलंय, मोडलेलं नाही. डॉक्टरांनी पट्टा बांधला.

४ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी विचारलं, "कधीपासून?"

"आठ-नऊ महिने झाले असतील. आधी धुकं असल्यासारखं वाटायचं. मला वाटलं चष्मा मळलाय. मग सुईत दोरा जाईना. उजेडात भागतं. अंधारू लागलं की सगळ्याचं एकच गाठोडं होतं. आणि समोरून दिवा आला की तोच फुटून चहूकडे पसरतो."

"मला सांगितलं का नाहीस?"

हिनं मनगटाचा पट्टा सारखा केला. मग म्हणाली, "माझी आई शेवटची अकरा वर्षं एका खोलीत होती. हाताला धरून उठवायचं, हाताला धरून बसवायचं. डॉक्टर तेच सांगतील असं वाटायचं. आणि तुम्ही वर्षभर दिवस मोजत होतात, की निवृत्त झालो की रोज बागेत बसू. नेमकं तेव्हाच मी म्हणू का, की मला काही दिसत नाही?"

मी हिचा पट्टा बांधलेला हात हातात घेतला, तर म्हणाली, "दुखतोय तो. दुसरा घ्या."

सूनबाईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ती म्हणाली, "आई पायरी उतरायच्या आधी पायानं चाचपत होत्या, बाबा. दोन प्रवेशांच्या मधे रंगमंचावर काळोख करतो तेव्हा नट असेच चालतात. मी रोज बघते. आईंना विचारलं तर त्यांनी शपथ घातली, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून. मग म्हटलं निदान पायवाट तरी दिसू दे."

म्हणजे ती पट्टी, त्या टोप्या, तो तह. मी सगळं लिहून ठेवलेलं आहे, मिनिटांसकट. आज ते परत वाचलं. तीन आठवडे मी बरोबर आकडे घेत होतो आणि माझ्या बायकोला आधुनिक ठरवत होतो. केंद्रावर माझं रोजचं एक काम दृश्यमानता मोजण्याचं होतं. किती अंतरावरची टाकी दिसते, किती अंतरावरचा मनोरा. हाताच्या अंतरावरचं माणूस त्यात धरत नाहीत.

६ ऑक्टोबर, सोमवार

डोळ्यांचा दवाखाना. ही बाहेरच्या बाकड्यावर माझी बाही धरून बसली होती. एवढी घाबरलेली मी तिला बाळंतपणातही पाहिली नव्हती.

डॉक्टरीणबाई तरुण आणि बोलक्या. थेंब टाकले, यंत्रावर हनुवटी ठेवायला लावली, बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, चांगला पिकलेला. मागचा पडदा उत्तम आहे. एकेक करून काढू, दिसायला लागेल."

ही म्हणाली, "माझ्या आईचे डोळे गेले होते."

"त्यांना काय झालं होतं, माहीत आहे?"

"काचबिंदू म्हणत होते."

"तुमच्या डोळ्यांचा दाब मी मोजलाय. तो बरोबर आहे. दर वर्षी मोजत राहू, पण आज तुम्हाला तो नाही. हा वेगळा आजार आहे, आजी, आणि हा जातो."

ही उठली, पर्स उचलली, पुन्हा बसली आणि म्हणाली, "परत एकदा सांगा."

त्यांनी परत एकदा सांगितलं. बाहेर आल्यावर हिनं रस्त्यातच नाक शिंकरलं आणि मला म्हणाली, "आजी काय म्हणते ती, मी काही एवढी म्हातारी दिसत नाही." तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

९ ऑक्टोबर, गुरुवार

तह रद्द केला. ऑपरेशन होईपर्यंत सगळे वार दिव्यांचे.

सूनबाईकडून वायर सोलायला शिकलो. आधी बोट सोललं, मग वायर. सहाचे दहा दिवे केले आणि बाकाखाली एक लावला, ती माझी कल्पना. सूनबाई म्हणाली, "बाबा, ही कल्पना चांगली आहे. बाक तरंगल्यासारखा वाटतो." मी पुन्हा दोनदा पायऱ्यांवर जाऊन बघून आलो. खरंच तरंगतो.

कप्तानांना जाऊन सगळं सांगितलं. बिचारे फार ओशाळले. म्हणाले, "वहिनींना त्रास होत असेल तर कारंजं बंद ठेवतो." आता इतक्या चांगल्या माणसाच्या कारंज्याला मी तीन वर्षं नावं ठेवली.

झारी ठेवायला भिंतीला खुंटी मारली.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आत नेल्यापासून बाहेर आणेपर्यंत पंचेचाळीस मिनिटं. त्यातली वीस मी स्वच्छतागृहाची वाट विचारण्यात घालवली आणि वाट कळल्यावर गेलोच नाही. चिरंजीव रात्रभर प्रवास करून आला होता, तोही माझ्यासारखा घड्याळ बघत होता.

डोळ्यावर पारदर्शक टोपी लावून ही बाहेर आली. पहिलं वाक्य : "भूक लागलीय."

२२ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी टोपी काढली. डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. ही शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत थडाथड वाचत गेली. मग माझ्याकडे वळली. बराच वेळ बघितलं. मला वाटलं आता काहीतरी हळवं बोलणार.

"तुमच्या कानांवर एवढे केस कधी उगवले?" म्हणाली.

२५ ऑक्टोबर, शनिवार

दिवसाला चार वेळा थेंब. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. घरकाम माझ्याकडे. पहिल्या दिवशी भात करपला, दुसऱ्या दिवशी पातेलं.

ही मात्र घरभर हिंडतेय, तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासारखी. दिवाणखान्याची भिंत पिवळट झालीय. ती पांढरी आहे असं ही वर्षभर समजत होती. दुभत्याच्या कपाटावर धूळ. आणि संध्याकाळी बागेत आली. मला वाटलं आता कौतुक होणार. गुलबक्षीपाशी वाकू नको म्हटलं तर उभ्यानंच बघितलं.

"पानांवर मावा पडलाय."

"थोडा आहे."

"जाईला पाणी जास्त होतंय, खालची पानं पिवळी झालीत. निशिगंधाच्या तीन काड्या सांगत होतात ना? त्यातली एक वाळलीय. आणि लिंबाची फांदी कुणी अशी कापली?"

"दिवा टांगायला."

"तुम्ही रोज आत येऊन जे वर्णन करत होतात," ही म्हणाली, "त्या बागेत मला एकदा नेऊन आणा."

सूनबाई पायरीवर बसली होती, ती उठून आत गेली. आतून हसण्याचा आवाज आला.

एकूण सतरा दोष निघाले. यादी करून स्वयंपाकघरात लावलीय. मी आता निमूटपणे एकेक निस्तरतोय, आणि खरं सांगायचं तर इतकं सुख मला निवृत्तीनंतर मिळालं नव्हतं.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

शिवणयंत्र उघडलं. सुईत दोरा पहिल्या खेपेला ओवला, मग काढला आणि पुन्हा ओवला. चार वेळा. मी दारातून बघत होतो हे तिला दिसलं. आता सगळं दिसतं, जपून वागायला हवं.

८ नोव्हेंबर, शनिवार

आकाश पूर्ण स्वच्छ. ढग नाही, धूर नाही, धुकं नाही. अलीकडच्या दिवसांतली सर्वांत निर्मळ संध्याकाळ.

पाणी घालून झालं. मी सवयीनं दिव्यांच्या बटणापाशी गेलो. खरं म्हणजे मला ते दिवे लावायला आवडू लागलंय. काल सूनबाईला विचारत होतो की उजेड हळूहळू वाढवता येईल असं बटण कुठे मिळतं.

ही बाकावरून म्हणाली, "राहू द्या ते दिवे."

"पायवाट..."

"दिसतेय मला. अंधार बघायचाय. वर्षभर अंधारात बसले, पण तो पडताना बघितला नाही."

मी येऊन शेजारी बसलो. सूनबाईला आज प्रयोग नव्हता, ती पायरीवर बसली. एक डोळा नवा आणि एक अजून जुना, पुढच्या महिन्यात होणारा. ही मधूनच जुना डोळा हातानं झाकून बघायची, मग नवा झाकून, आणि स्वतःशी मान हलवायची. मग ही हळू आवाजात सांगू लागली, "लाल गेला." थोड्या वेळानं, "हिरवा निघालाय. वरची पानं अजून आहेत. खालची गेली." एवढी वर्षं हे मी सांगायचो आणि ती ऐकायची. ऐकणाऱ्याच्या जागी बसून कसं वाटतं ते मला माहीत नव्हतं. चांगलं वाटतं. स्वतः बघायची गरजच उरत नाही.

सूनबाई म्हणाली, "आई, मी इतकी वर्षं अंधार करते, पण दोन सेकंदांत करते. इतक्या सावकाश कधी करून बघितला नाही."

"बघ करून," ही म्हणाली. "लोक उठून जाणार नाहीत."

निशिगंध तेवढा राहिला. कुणी उठायचं नाव काढेना. तेवढ्यात हिनं माझ्या कोपराला हात लावला. "तो बघा, पहिला तारा. पाण्याच्या टाकीच्या वर."

मी बघितलं. टाकीची आकृती होती, वर आकाश होतं.

"अजून उगवला नसेल," मी म्हटलं.

"दोन झाले," ही म्हणाली.

"तीन, आई," सूनबाई म्हणाली. "तो डावीकडचा बारीक धरला तर."

मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं. त्या दिशेला थोडं धुकं उतरलं असणार. नोव्हेंबरात टाकीच्या बाजूला उतरतं कधीकधी. तसं मी त्यांना सांगितलं. त्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं. अंधार होता, तरी बघितलं हे मला कळलं.

"मंगळवारी मला तपासणीला जायचंय," ही म्हणाली. "तुम्हीही चला."

साडेदहाची वेळ मिळालीय. हिला एकटीनं बसायचा कंटाळा येतो म्हणून मी बरोबर जातोय. तिथे गेलोच आहे तर माझेही डोळे बघून घेतील, एवढंच.